डॉक्टरांच्या गाडीतलं पाणी

“वतू का रं?”

“थांबा मामा, जरा दम धरा,” मी आतून ओरडलो.

दम धरायची गरज खरं तर मलाच होती. डॉक्टर गुळवणींच्या गाडीत डाव्या सीटवर मी उलटा पडलो होतो. पाय सीटच्या पाठीवर, डोकं डॅशबोर्डखाली आणि दातांत बॅटरी. चाळिशी उलटलेल्या, पोट सुटलेल्या माणसानं असं पडू नये. पण आजऱ्यात गाडीच्या वायरिंगचं काम करणारा तेव्हा मी एकटाच होतो आणि माझ्याऐवजी पडायला दुसरं कुणी नव्हतं.

बाहेर भैरूमामा तांब्या भरून उभा होता. भैरू पोवार, डॉक्टरांचा ड्रायव्हर. सव्वीस वर्षं त्यानं डॉक्टरांची गाडी चालवली, आणि दीड वर्षापूर्वी, ऑगस्ट महिन्यात, आंबोलीच्या घाटात ह्याच गाडीत डॉक्टर गेले. गाडी डाव्या अंगानं दरडीवर आदळली होती. मामाच्या कपाळावर नुसते चार टाके पडले.

“दिवं गेलं,” मामानं सगळ्यांना सांगितलं. पोलिसांना, डॉक्टरांच्या घरी बाईंना, गावाला. “दिवं गेलं, वायपर थांबला, म्होरं कायबी दिसंना.” पण दोन दिवसांनी गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात उन्हात उभी होती तेव्हा तिचा उजवा दिवा लख्ख लागत होता आणि वायपरही फिरत होते. मग गाव म्हणालं, म्हाताऱ्याला डुलकी लागली. हवालदारानं वायरिंगवाल्याचा जबाब घेतला. जबाबात लिहिलं होतं की वायरिंगमध्ये काही दोष नाही. तो जबाब माझा होता.

त्या कागदावर मामावर हयगयीनं गाडी चालवल्याचा खटला उभा राहिला. डॉक्टरांच्या घराचं फाटक त्याला बंद झालं. दुसऱ्या कुणी त्याच्या हातात स्टिअरिंग दिलं नाही. तो एसटी स्टँडसमोरच्या कट्ट्यावर दिवसभर बसून असे आणि मी त्या रस्त्यानं जायचं टाळत असे.

गाडी कोल्हापुरात ठोकून, रंगवून आली आणि बाईंच्या भावाकडं गडहिंग्लजला शेडात कापडाखाली पडून राहिली. त्या मार्चमध्ये बाईंनी ती विकायला काढली. उत्तूरच्या एका मास्तरांना पसंत पडली. पण बघायला येणार म्हणून बाईंच्या भाच्यानं गाडी शेडाबाहेरच्या चढावर उभी करून नीट धुतली आणि मास्तर समोर उभे असताना हॉर्न आपोआप वाजायला लागला तो थांबेना. मास्तर म्हणाले, वायरिंग करून द्या, सोमवारी संध्याकाळी येऊन घेऊन जातो. सोमवारी सकाळी भाचा गाडी माझ्या दुकानात लावून गेला.

आणि अर्ध्या तासात भैरूमामा दारात हजर. दीड वर्षात तो माझ्याशी एक अक्षर बोलला नव्हता. गाडीला त्यानं हात लावला नाही, लांबूनच बघत राहिला.

“इकली व्हय?”

“आज संध्याकाळी न्यायला येणार आहेत.”

“धुतल्याव काय करती म्हणं?”

गावात बातमी माझ्या आधी पोचते. मी म्हणालो, “हॉर्न वाजतो. आतले दिवे मिणमिणतात. वाळली की पुन्हा शहाण्यासारखी.”

तो दाराच्या चौकटीला टेकला. मग म्हणाला, “वाळली की.”

एवढंच. पण सकाळपासून मीही त्याच शब्दापाशी अडखळत होतो, आणि तो शब्द त्यानं तोंडावर आणून ठेवला. मी त्याला आत बोलावलं. पाणी ओतायला माणूस लागतोच, असं काहीतरी पुटपुटलो.

पाणी गाडीत कुठून शिरतं हे शोधायची आमच्या उस्तादांची एक रीत होती. आत सगळीकडं कोरं वर्तमानपत्र अंथरायचं आणि पाणी खालून वर ओतायचं. आधी दाराचा तळ, मग दाराची कड, मग काचेचा खालचा रबर, मग बाजूचा, शेवटी वरचा टप. एका जागी पाच तांबे आणि मग थांबायचं. वरून सुरुवात केली की पाणी सगळीकडं पसरतं आणि नेमकी वाट कधीच कळत नाही. काम कंटाळवाणं असतं. आतल्यानं नुसतं बघत राहायचं आणि बाहेरच्यानं घाई करायची नाही.

मामानं घाई केली नाही. दहा वाजल्यापासून बारा वाजेपर्यंत आम्ही दारं, काचा, रबर, टप सगळं भिजवलं. अकरा वर्षं ज्या गाडीची काच त्यानं तोंड बघावं अशी पुसली, तिच्यावर तो तांब्यामागून तांब्या ओतत होता आणि दर वेळी विचारत होता, “आलं?”

“नाही.”

आत वर्तमानपत्र कोरडं ठणठणीत. इग्निशन चालू होतं, समोरचे दोन्ही दिवे मी मुद्दाम लावून ठेवले होते आणि दुकानाच्या भिंतीवर त्यांचे दोन गोल ढिम्म उभे होते.

बाराला मी बाहेर आलो. मान आखडली होती. मामा गाडीकडं पाठ करून उभा होता.

“ऱ्हाऊ दे आता,” तो म्हणाला. “मास्तर न्हेतील गाडी. आपलं काय अडलंय.”

“अडलंय मामा.”

“आरं, मलाच कळंना झालंय आता. दीड वरीस लोकं म्हणत्यात, भैरू झोपला. घरात सून म्हणत न्हाई, पर तिच्या तोंडावर दिसतंय. रातचं मी पडल्याव आटवतो. दिवं गेलं, का माझं डोळं मिटलं? कवा कवा वाटतंय, मिटलंच आसतील. पुढच्या म्हयन्यात तारीख हाय. वकील म्हणतोय, झोप लागली म्हणून कबूल व्हा, शिक्षा कमी करून घिऊ. व्हईन म्हणतो कबूल.”

मग मी ती गोष्ट केली जी दीड वर्षापूर्वी करायला हवी होती. मी त्याला विचारलं.

“मामा, त्या दिवशी काय झालं ते मला सांगा. पहिल्यापासून.”

तो माझ्याकडं बघतच राहिला. मग खाली उकिडवा बसला.

“सावंतवाडीस्नं यीत हुतो. डॉक्टर पेशंट बघून दमलं हुतं. सांजचं सात वाजलं असतील, धुकं, पाऊस तर असा की इचारू नगो. घाट चढत हुतो, दुसऱ्या गेरात. डॉक्टर म्हणालं, भैरू, माझे पाय भिजायलेत रे. मी म्हटलं, दार नीट लागलं नसंल. त्येंनी दार बघितलं, म्हणालं, दार लागलंय. मग हॉर्न जरा वाजल्यागत झाला. आन् दिवं गेलं.”

“पाय भिजतायत म्हणाले?”

“व्हय.”

“हे तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं?”

“सांगितलं की. हवालदार म्हणाला, पावसात पाय भिजत न्हाईत तर काय व्हतंय.”

डॉक्टर डाव्या सीटवर बसायचे. त्यांच्या गुडघ्यांसमोर जो खण होता, त्याच्या मागं त्या गाडीच्या फ्यूजची पेटी. मी झटकन उठलो. आणि दुसरा शब्द होता ‘चढत हुतो’. आम्ही दोन तास सपाट फरशीवर पाणी ओतत बसलो होतो.

जॅक आणून मी गाडीचं नाक वर उचललं, पुढच्या चाकांखाली लाकडाचे ठोकळे सरकवले. घाटातल्या चढाएवढी गाडी तिरकी झाली. मग पुन्हा उलटा होऊन आत शिरलो.

“कुटं वतू?”

“वायपरखाली जी जाळी आहे ना, त्यात. डाव्या बाजूला.”

काचेच्या पायथ्याशी ती जाळी असते. काचेवरून आलेलं पाणी तिच्यातून एका पन्हाळीत पडतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून चाकांमागं जमिनीवर निघून जातं. मामानं ओतायला सुरुवात केली. एक तांब्या. दोन. पाच. नऊ. बारा तांबे होईपर्यंत आत काहीही झालं नाही. पण बाहेर चाकामागं जमिनीवरही एक थेंब पडला नव्हता. मग एवढं पाणी गेलं कुठं?

पंधराव्या तांब्याला खणाच्या मागून पहिला थेंब आला. वर्तमानपत्रावर पडला, टप् असा आवाज झाला. मग दुसरा. मग धार लागली. फ्यूजच्या पेटीवरून ओघळत ती बरोबर तिथं पडत होती, जिथं डॉक्टरांचे पाय असायचे. पेटीत काहीतरी टकटक करायला लागलं. हॉर्न घोगरा, तुटक वाजला. आणि मला आतून भिंत दिसत नव्हती, पण मामा दिसत होता. त्याच्या हातातून तांब्या पडला.

“इझलं!” तो भिंतीकडं बोट दाखवत ओरडला. “रावजी, इझलं! बग, बग, दोनीबी इझलं!”

मी धडपडत बाहेर आलो. भिंतीवरचे गोल गेले होते. भैरूमामा त्या भिंतीला हात लावून उभा होता आणि लहान पोरासारखा रडत होता.

“मी झोपलो न्हवतो. मी जागा हुतो रं. मी जागा हुतो.”

मला त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा होता, पण ठेववला नाही.

“बाईस्नी बोलवून आणतो,” तो म्हणाला आणि मी काही बोलायच्या आत पटका सावरत रस्त्याला लागला. दोन गल्ल्या सोडून डॉक्टरांचं घर. दीड वर्षात तो त्या फाटकाकडं फिरकला नव्हता.

मी एकटाच राहिलो. वायपरचं बटण दाबून बघितलं, तेही हलले नाहीत. पाणी का तुंबलं ते बघणं बाकी होतं. वायपर सोडवले, जाळी उचकटली, डाव्या टोकाला भोकाकडं हात घातला. हाताला मऊ लगदा लागला. काळा, आंबूस वासाचा, वर्षानुवर्षं दाबून बसलेला. मूठमूठभर काढत गेलो तसा भोकातून पाणी भसकन खाली गेलं. लगदा घमेल्यात टाकताना मला त्यात दोरा दिसला. पांढरा सुती दोरा, त्याला जागोजाग गाठी आणि गाठींत फुलांचे काळे पडलेले देठ. एक नव्हे, असे कितीतरी दोरे, एकमेकांत गुंतलेले.

मी एक दोरा उजेडात धरला.

गावात सगळ्यांना ठाऊक होतं. भैरूमामाची बायको रोज पहाटे तगरीच्या फुलांचा वीतभर सर गुंफून द्यायची. तो काचेच्या पायथ्याशी वाहिल्याशिवाय, हात जोडल्याशिवाय मामा किल्ली फिरवायचा नाही. कितीही घाईचा पेशंट असो, डॉक्टर हसत थांबायचे. वायपर पहिल्यांदा फिरले की सर घसरून जाळीवर पडायचा आणि फुलं सुकून, दोरा तुटून तुकड्यातुकड्यानं आत जायचा. रोज एक, अशी सव्वीस वर्षं. ही गाडी घेतल्याला त्यातली अकरा.

मी फार विचार केला नाही. केला असता तरी तेच केलं असतं. ज्या माणसाला अर्ध्या तासापूर्वी त्याचं आयुष्य परत मिळालं, त्याला हे दाखवायचं? मी घमेलं बाकाखाली सरकवलं आणि वर गोणपाट टाकलं.

शालिनीबाई आल्या त्या पदराला घाम पुसत, चालत. डॉक्टरांच्या पत्नी, पण गावाला त्या बालवाडीच्या बाई म्हणूनच माहीत. त्यांच्या मागं चार पावलं अंतर ठेवून मामा.

“दाखवा,” त्या म्हणाल्या.

मी पेटी फडक्यानं कोरडी करून दिवे पुन्हा लावले आणि भोकात चिंधी कोंबून, पाणी ओतून दाखवलं. बाई वाकून आत बघत होत्या. धार लागली तेव्हा त्यांनी हात पुढं करून ती तळव्यावर घेतली. दिवे विझले. त्या सरळ झाल्या आणि मामाकडं वळल्या. मग माझ्याकडं बघून विचारलं, “कशानं तुंबलं होतं?”

“पानांनी,” मी म्हणालो. “चिंचेची बारीक पानं. जाळीतून आत जातात आणि साचत राहतात.”

बाईंनी चाचपडत स्टूल ओढलं आणि बसल्या.

“चिंचेखाली गाडी मी लावायला लावली,” त्या म्हणाल्या. “पोर्चमध्ये माझी बालवाडी भरते. हे किती वेळा म्हणाले, शालू, गाडी आत हवी, झाडाखाली खराब होते. मी म्हणायचे, माझी पोरं कुठं बसवू? सात वर्षं गाडी चिंचेखाली उभी राहिली. माझ्यामुळं.”

एकाला वाचवायला सांगितलेली थाप सरळ दुसऱ्याच्या काळजात जाऊन बसली होती, आणि ती परत कशी घ्यायची ते मला कळत नव्हतं. मी खाली फरशीकडं बघत राहिलो.

भैरूमामाही फरशीकडंच बघत होता. गाडीपासून बाकापर्यंत काळ्या पाण्याचे ठिपके पडत गेले होते. तो त्या ठिपक्यांमागून गेला, वाकला, गोणपाट काढलं. घमेल्यात हात घालून त्यानं बराच वेळ काहीतरी चिवडलं. मग उठला तेव्हा त्याच्या बोटांत दोरा होता.

“पानास्नी दोरा आसतोय व्हय रं, रावजी?”

तो बाईंसमोर गेला आणि दोरा त्यांना दिसेल असा धरला. “बाई, तुमच्या चिंचंचं न्हवं ह्ये. ही माजी फुलं हायत. माज्या हातानं वाह्यलेली. डॉक्टरांचा घात मी केला. झोपून न्हवं, हात जोडून केला.”

बाई दोऱ्याकडं बघत राहिल्या. मी म्हटलं आता त्या उठतील आणि निघून जातील. त्या उठल्या, पण गेल्या नाहीत. त्यांनी तो दोरा मामाच्या बोटांतून काढून घेतला.

“हे मला खिडकीतून रोज दिसायचं,” त्या म्हणाल्या. “मीही आतून हात जोडायचे. आपल्या दोघांपैकी कुणाला कळलं होतं का, भैरू?” आणि मग रडू आवरत, “तुम्ही जागे होता. तुम्ही सांगत होता आणि मी तुम्हाला फाटकातून आत घेतलं नाही.”

बाई माझ्याकडं वळल्या. आवाज बदलला होता. बालवाडीत खोटं बोललेल्या पोराला विचारावं तसा.

“आणि तुम्ही? तेव्हा पाणी ओतून पाहिलं होतं?”

“नाही.”

“किती वेळ पाहिली होती गाडी?”

हे मला दीड वर्षात कुणी विचारलं नव्हतं. मी मात्र स्वतःला रोज विचारत होतो.

“दहा मिनिटं,” मी म्हणालो. “गाव म्हणत होतं डुलकी लागली. मीही तेच धरून गेलो होतो. किल्ली फिरवली, दिवा लागला, सही केली. दुकानात गिऱ्हाईक थांबलं होतं. मामांना मी एक शब्द विचारला नाही.”

हे बोलताना मी मामाकडं बघितलं नाही. बघण्याची माझी हिंमत नव्हती. बाई म्हणाल्या, “कागद घ्या.”

मी पावतीपुस्तक बाजूला सारून कोरा कागद घेतला. बाकावर ठेवून लिहायला लागलो. गाडीचा नंबर. आजची तारीख. मागचा जबाब मी पुरेशी तपासणी न करता दिला होता. चढावर पन्हाळीतलं पाणी फ्यूजच्या पेटीवर येतं, दिवे आणि वायपर बंद पडतात, पेटी वाळली की सगळं पूर्ववत चालतं. ड्रायव्हरनं सांगितलेली हकिगत खरी आहे. पन्हाळीचं भोक कचऱ्यानं तुंबलेलं आढळलं.

इथं मी थांबलो आणि वाचून दाखवलं.

“कचरा न्हाई,” मामा म्हणाला. “फुलं लिव.”

“मामा, तारीख जवळ आली आहे. समोरचा वकील हेच धरून बसेल. ड्रायव्हरनंच भोक बुजवलं म्हणेल. कचरा म्हटलं तरी खोटं नाही.”

“म्हणू दे काय म्हणायचं ते.”

मी बाईंकडं बघितलं. त्या मामाकडं बघत होत्या. माझा हात पुढं जाईना.

भैरूमामा जवळ आला. दीड वर्षात पहिल्यांदा तो माझ्या इतक्या जवळ उभा होता. आवाजात राग नव्हता, त्याचाच मला जास्त त्रास झाला.

“लिव लेका,” तो म्हणाला. “एकडाव माजं न ऐकता सही केलीस. आता ऐकून कर.”

मी ‘कचऱ्यानं’ खोडलं आणि वर ‘ड्रायव्हर रोज वाहत असलेल्या फुलांनी’ असं लिहिलं. खाली सही केली. बाईंनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि साक्षीदार म्हणून पुढं आपलं नाव लिहिलं. शालिनी वामन गुळवणी. डॉक्टरांचं नाव लिहिताना त्यांचा हात थांबला नाही.